पालकांना शाळेत बोलावण्याआधी

वर्गशिक्षक म्हणून घेतलेल्या माझ्या पहिल्या पालकसभेला ४२ पैकी ९ मुलांच्या घरचे आले होते. त्या नऊ जणांना मी पाऊण तास ऐकवलं, की पालक शाळेकडे फिरकत नाहीत. न आलेल्यांचा राग आलेल्यांवर! त्यातले एक वडील शेवटपर्यंत दाराशीच उभे होते. बसा म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या सर, इथूनही ऐकू येतंय." मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, उभ्या माणसाकडे मान वर करून बघायचं आणि चारचौघांत आपल्या पोराचे प्रताप ऐकायचे, यापेक्षा त्यांना दार बरं वाटलं. ते मला उमगायला दोन-तीन वर्षं गेली.

नव्यानं वर्ग हाती आलेल्या शिक्षकांसाठी आणि पालकसंघाचं काम अचानक गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. बहुतेक जण सुरुवात सभेपासून करतात. माझा क्रम उलटा आहे: आधी ओळख, मग प्रत्येक घराला त्यांच्या मुलापुरतं एक नेमकं काम, आणि सभा त्यानंतर. समिती, देणग्या, कार्यक्रम हे सगळं त्याच्याही मागून.

एक वही करा

हजेरीपटावर मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव असतं. तेवढ्यावर काम भागत नाही. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. त्यावर लिहायचं: मुलाला रोज बघतं कोण, फोन कुणाकडे असतो, तो कधी उचलला जातो, घरी कुठली भाषा बोलतात, घरातल्या कुणाला लिहिता-वाचता येतं.

"पालक" म्हणजे आई-वडील असं धरून चालू नका. कुणाचं सगळं आजी बघते, कुणाचं मामा, कुणाची दहावीतली मोठी बहीणच दप्तर भरून देते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना मी सहा महिने चिठ्ठ्या पाठवत होतो. ते कामासाठी बाहेरगावी असायचे आणि चिठ्ठ्या तिच्या आजींच्या उशाखाली नीट जपून ठेवलेल्या होत्या. आजींना वाचता येत नव्हतं, पण शाळेचा कागद टाकून द्यायचा नाही एवढं माहीत होतं.

ही माहिती भर वर्गात मुलांना उभं करून विचारायची नाही. आई-वडील वेगळे राहत असतील तर मुलाला न्यायला कोण येऊ शकतं आणि निरोप कुणाकुणाला द्यायचा, हे मुख्याध्यापकांकडून एकदा स्पष्ट करून घ्या. तिथे अंदाजानं वागलात तर प्रकरण अंगाशी येतं.

पहिला फोन तक्रारीचा नको

पूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. शाळा सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन. रोज तीन केले तर ४२ मुलांची घरं चौदा दिवसांत होतात. दोन-तीन मिनिटांच्या वर बोलायचं नाही. फोनआधी त्या मुलाविषयी स्वतः पाहिलेली एक चांगली गोष्ट वहीत लिहिलेली हवी. "हुशार आहे", "गुणी आहे" असलं काहीतरी नको. ते कुणालाही लागू पडतं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

फोन साधारण असा होतो:

"नमस्कार ताई, शाळेतून बोलतोय, वर्गशिक्षक."

"काय केलं त्यानं?"

हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी त्याची वाटच बघतो. शाळेचा फोन म्हणजे काहीतरी बिघडलं, हे घराघरांत पक्कं बसलेलं असतं.

"काही नाही केलं. आज गणिताच्या तासाला शेजारच्याला वजाबाकी समजत नव्हती, तर यानं पेन्सिली मांडून त्याला समजावली. मला फार आवडलं. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

मग पलीकडे जरा वेळ शांतता. ती शांतता भरायला जाऊ नका. त्या माउलीनं नंतर आपणहून सांगितलं, की तो घरी धाकट्या बहिणीला शिकवतो आणि दारावर खडूनं लिहितो म्हणून रोज बोलणी खातो. मला वर्षभर पुरेल एवढं त्या एका वाक्यात मिळालं. "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवला. शेवटी हळूच "पण जरा शुद्धलेखनाकडे..." असं जोडायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर आधीचं कौतुक निमित्तापुरतं होतं असंच त्यांना वाटेल.

पुढे कधी खरोखर तक्रारीचा फोन करायची वेळ येते, तेव्हा हा पहिला फोन कामी येतो. तुम्हाला त्यांच्या मुलात काहीतरी बरं दिसलेलं आहे, हे त्यांना माहीत असतं.

घरी जाणं शक्य असेल तर फारच उत्तम. अमेरिकेत सॅक्रामेंटोमध्ये १९९८ पासून शिक्षकांनी घरी जाण्याचा उपक्रम चालू आहे, आणि त्याचे नियम कुठेही उचलावेत असे आहेत. जाणं दोन्ही बाजूंना ऐच्छिक असतं. आधी वेळ ठरवायची. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. आणि फक्त "अडचणीच्या" मुलांच्याच घरी जायचं नाही, कारण मग शिक्षक ज्या घरात शिरला त्या घराकडे शेजारी बोट दाखवतात. पहिल्या भेटीत विषय एकच: या मुलाबद्दल तुमच्या मनात काय आहे, त्यानं काय व्हावं असं वाटतं.

ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये संशोधक आणि शिक्षक मिळून मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी गेले, ते तिथे काय येतं हे शिकायला. १९९२ साली त्यांनी लिहिलं, की ज्या घरांना शाळा "मागास" धरून चालत होती तिथे शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती यांचं भरपूर ज्ञान होतं. वहीच्या पानावर म्हणून आणखी एक ओळ ठेवा: या घरात काय येतं? गवंडीकाम, शिवण, इंजिन उघडणं, हिशेब, गाणं. पुढे उपयोगी पडेल.

काम द्या, पण मोजून एक

"मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष द्या." हे वाक्य मी शेकडो प्रगतिपुस्तकांत लिहिलेलं आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग झालेला नाही. लक्ष द्यायचं म्हणजे करायचं काय? पालकानं मुलासमोर बसून वहीकडे टक लावून बघायचं?

नुसतं सांगितल्यानं काय होतं याचा एक चांगला धडा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात मिळाला. "प्रथम" संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांच्यासह काही अर्थतज्ज्ञांनी तिथल्या २८० गावांत मिळून प्रयोग केला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत सभा घेऊन शाळेची समिती असते, तिला अमुक अधिकार असतात, हे सांगितलं. काही गावांत त्याशिवाय मुलांना वाचता येतं का हे लोकांनी स्वतः कसं तपासायचं, तेही शिकवलं. तिसऱ्या गटात त्यापुढे जाऊन गावातल्याच लोकांना वाचनवर्ग घ्यायचं प्रशिक्षण दिलं. शाळेच्या कारभारातला लोकांचा सहभाग तिन्ही गटांत जिथल्या तिथेच राहिला. पण तिसऱ्या गटात माणसं वर्ग घ्यायला पुढे आली, आणि त्या वर्गांना बसलेल्या मुलांचं वाचन चांगलं सुधारलं. माहिती सगळ्यांना मिळाली होती. हाताला काम एकाच गटाला मिळालं.

आता घरी काम कुठलं द्यायचं? गृहपाठात मदत करा, असं सांगायची आपल्याला सवय असते. अमेरिकेत नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी मधल्या इयत्तांतल्या मुलांवरचे ५० अभ्यास २००९ मध्ये एकत्र करून पाहिले. घरच्यांनी शिक्षणाचं मोल बोलून दाखवणं, पुढचे बेत मुलाशी बोलणं, अपेक्षा सांगणं याचा मुलांच्या प्रगतीशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला. गृहपाठातली मदत मात्र त्या मानानं फिकी पडली, काही ठिकाणी उलटीच. आश्चर्य वाटायला नको. रात्री नऊ वाजता दमलेला बाप आणि पेंगुळलेलं पोर अपूर्णांकांवरून एकमेकांवर ओरडतायत, हे चित्र कुणी पाहिलेलं नाही?

म्हणून मी देतो ती कामं अशी असतात, की ती दहा मिनिटांत व्हावीत, निरक्षर माणसालाही जमावीत आणि मला दुसऱ्या दिवशी तपासता यावीत. माझं सगळ्यात आवडतं काम वाचनाचं. मूल मोठ्यानं वाचतं, घरातलं कुणीतरी शेजारी बसून ऐकतं. ऐकणाऱ्याला वाचता यायची गरज नाही, कारण मूल अडखळलं हे कानाला कळतंच. जिथे अडलं त्या शब्दाखाली मुलानं पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची. बस. सोमवारी मी त्या रेघा बघतो आणि तेच शब्द फळ्यावर घेतो.

त्या आजींच्या नातीच्या पुस्तकात पहिल्या आठवड्यात रेघच नव्हती. मला वाटलं, बसल्याच नसतील. विचारलं तर मुलगी म्हणाली, "आजी म्हणते, पुस्तकावर रेघा मारायच्या नाहीत." मग तिला एक कागदाची पट्टी दिली आणि शब्द तिच्यावर उतरवून आणायला सांगितले. पुढच्या सोमवारी पट्टी आली, दोन्ही बाजूंनी भरून, वर आजींनी सुईदोऱ्यानं तिला दुसरी पट्टी जोडलेली.

दिलेलं काम तुम्ही बघितलं नाहीत तर ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. यात दोष घरच्यांचा नसतो. आणि एका वेळी एकच. वाचन, पाढे, लवकर झोपवणं आणि मोबाइल काढून घेणं अशी चार कामं एकदम दिलीत, की चारही जातात.

गैरहजेरीचं थोडं वेगळं आहे. तिथे नेमका आकडाच काम करतो. फिलाडेल्फियात २८ हजारांहून जास्त घरांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात काही पालकांना साधी पत्रं गेली: तुमचं मूल आजवर इतके दिवस शाळेत आलेलं नाही. तेवढ्यानं सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. "अधूनमधून एखादा दिवस राहतो घरी," असं पालक म्हणतात तेव्हा ते थापा मारत नसतात. त्यांना खरंच तेवढंच आठवत असतं. महिनाअखेरीला हजेरीपटावरून आकडा काढा आणि कळवा. सोबत उपदेश नको.

निरोपांचं काय

व्हॉट्सॲप गट करायचा तर फक्त सूचनांसाठी, आणि लिहिण्याची मुभा शिक्षकापुरती ठेवा. नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली उद्याच्या परीक्षेची सूचना गाडली जाते. एका मुलाविषयीची गोष्ट गटावर कधीही टाकू नका, गुणांच्या यादीचा फोटो तर मुळीच नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाजी निरोप पाठवा, त्यांच्या बोलीत. कागदी चिठ्ठी लिहायची तर तीन ओळींत: काय, कधी, तुम्ही काय करायचं. "उपरोक्त विषयास अनुसरून" हे सरकारी फायलीसाठी राहू द्या.

आता सभा

वेळ तुम्ही ठरवू नका. फोनवर बोलताना विचारलेलं असतं, वही उघडून बघा; बहुतेकांना कधी जमतं ते दिसेल. दोन वेगवेगळ्या वेळा ठेवल्यात तर आणखी बरं. लहान भावंडं सोबत येणार हे गृहीत धरा, आणि कोपऱ्यात त्यांच्यासाठी कागद-खडू ठेवा.

बाकं गोलात लावा आणि तुम्हीही बाकावरच बसा. मी सभेआधी प्रत्येक बाकावर एकेका मुलाची वही ठेवतो. आलेला माणूस आधी आपल्या मुलाची वही शोधतो, उघडतो, पानं उलटतो. पहिली दहा मिनिटं भाषण नाही. मी नुसता फिरतो आणि प्रत्येकाशी त्या वहीवर बोट ठेवून बोलतो. "हे पान बघा, जूनमधलं. आणि हे परवाचं." दाराशी उभं राहणाऱ्यांनाही वही बघायला आत यावंच लागतं.

त्यानंतर सगळ्यांसमोर एकच प्रश्न मांडायचा, आणि ज्याचं उत्तर तुमच्याकडे तयार नाही असा. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर लोकांना त्याचा वास येतो. गुण, शिक्षा, कुणाची फी राहिली, हे जाहीर बोलायचं नाही. चाळीस मिनिटांत संपवा.

अमेरिकेत न्यू हेवनच्या दोन प्राथमिक शाळांत जेम्स कोमर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९६८ मध्ये पालकांना बरोबर घेऊन शाळा सुधारायचं काम सुरू केलं. पहिलं वर्ष इतकं वादळी गेलं की पालक विरोधात उभे राहिले. त्यातून पुढे त्यांच्या पद्धतीत जे नियम पक्के झाले त्यातला एक असा: बैठकीत दोष कुणाचा ते शोधायचं नाही, पुढे काय करायचं तेवढंच बोलायचं. मी हे वाक्य सभेच्या सुरुवातीला फळ्यावर लिहितो, मुख्यतः माझ्यासाठी.

कुणी तावातावानं आलंच, तर आधी त्यांना बसवा आणि त्यांचं पूर्ण होईस्तोवर लिहून घ्या. खरोखर कागदावर लिहा. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय हे दिसलं की आवाज निम्म्यावर येतो. उत्तर तिथल्या तिथे द्यायची सक्ती नाही. "परवा चारपर्यंत कळवतो" म्हणा आणि परवा चारच्या आत कळवा.

जे आले नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करा. का आला नाहीत ते विचारायचं नाही. काय झालं ते सांगायचं.

शाळेच्या कुंपणाबाहेर

गावाचा किंवा वस्तीचा सहभाग म्हटलं की पावतीपुस्तक निघतं. माझं स्पष्ट मत आहे, की पहिल्या वर्षी कुणाकडे पैसे मागू नयेत. पैसे देऊन माणूस मोकळा होतो. वेळ दिलेला माणूस परत येतो. वहीतली "या घरात काय येतं" ही ओळ इथे बाहेर काढा. शिवणकाम करणाऱ्या आईला मोजमापाच्या धड्याला अर्धा तास बोलवा. मापाची पट्टी, कापडाचा पन्हा, किती कापड वाया जातं याचा हिशेब, हे ती जितकं चोख शिकवते तितकं मला जमलेलं नाही. आणि तिच्या मुलाची त्या दिवशीची मान बघा.

लोकांनी शाळा आपली मानली तर ते काय करतात याचं एक उदाहरण मला फार आवडतं. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या, १९४५ मध्ये, इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यानं जर्मन सैन्यानं मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून पालकांनी लहान मुलांची शाळा स्वतः उभी केली. आज जगभर नावाजलेल्या तिथल्या बालशाळांची सुरुवात ही.

बाहेरच्या माणसांना आत आणताना मात्र भाबडेपणा नको. कोण, कधी, कशासाठी आलं याची नोंद ठेवा. स्वयंसेवक कितीही ओळखीचा असला तरी मुलासोबत एकटा, बंद खोलीत नको. हा नियम सगळ्यांना सारखा लावला की कुणाला अपमान वाटत नाही. आणि जे फलक आणि फोटोग्राफर घेऊन येतात त्यांचे आभार माना, पण वेळापत्रक त्यांच्यासाठी हलवू नका.

समिती असेल तर

भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर बाकी शाळांत व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर हे छान दिसतं. जौनपूरला मात्र आपण समितीत आहोत हेच ठाऊक नसलेले सदस्य भेटले होते, आणि सहीपुरती समिती बहुतेकांनी पाहिलेली असते.

इंडोनेशियात मध्य जावातल्या शाळांमध्ये समित्या जिवंत करायचे चार उपाय तपासले गेले: निधी देणं, प्रशिक्षण देणं, सदस्य निवडणुकीनं घेणं आणि समितीला गावाच्या पंचायतीसारख्या मंडळाशी जोडून देणं. नुसता निधी आणि नुसतं प्रशिक्षण यांनी मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडला नाही. गावाच्या मंडळाशी जोडणं, आणि त्यासोबत निवडणूक, यांनी पडला. तुमच्या हातात निवडणूक नसेल, पण विषयपत्रिका असते. तिच्यावर दोनच विषय ठेवा आणि त्यातला एक मुलांच्या शिकण्याचा असू द्या. नाहीतर प्रत्येक बैठक रंग, गळती आणि नळ यांतच संपते. इतिवृत्त बैठकीतच मोठ्यानं वाचा आणि मगच सह्या घ्या. मागच्या वेळी ठरलेलं झालं की नाही, इथून पुढची बैठक सुरू करा. न बोलणाऱ्या बायकांना सभेत नाव घेऊन प्रश्न टाकण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर विचारा आणि सभेत म्हणा, "यांनी काल एक मुद्दा काढला होता." पुढचं त्या स्वतः बोलतात.

वर्षाच्या शेवटी

सभेला किती आले हा आकडा मी आता मोजत नाही. वर्षभरात किती घरांतून मला आपणहून फोन आला, ते मोजतो. पहिल्या वर्षी सात होते, त्यातले तीन भांडायला. तेही धरले.

वही पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या, कारण ओळख दरवर्षी नव्यानं सुरू करायला घरचे कंटाळतात. फोन कधी उचलतात, कोण बघतं, काय येतं, कुठलं काम दिलं आणि ते चाललं का, एवढं राहू द्या. कुणी विश्वासानं सांगितलेली घरातली भांडणं, कर्ज, आजारपण यांची पानं देण्याआधी फाडून टाका. त्यातलं एखादं मुलाच्या सुरक्षिततेशी संबंधित असेल तर ते वहीतून जाऊ देऊ नका. मुख्याध्यापकांना समोर बसून सांगा.